जुन्या मोटारीची चंदी

वस्तू विकत घेणे आणि वस्तू बाळगणे ही दोन अगदी निराळी कामे होत. विकत घेण्यास द्रव्य लागते. ते एकदा मोजून दिले की व्यवहार संपला. बाळगण्यास द्रव्याच्या जोडीला चित्त लागते, आणि ते रोजच्या रोज द्यावे लागते. दारची गाय, परसातील आंबा, माजघरातील तंबोरा, पूर्वजांनी बांधलेला चौसोपी वाडा, यांपैकी कशाचाही सांभाळ ज्यांनी केला आहे त्यांस हे नव्याने सांगावयास नको. मोटारीच्या बाबतीत मात्र हा भेद फारसा कोणी लक्षात घेत नाही. त्यातून ती मोटार जन्माने श्रीमंत, वयाने प्रौढ आणि दुसऱ्याच्या हातून आलेली असली, तर बेसावध घर दोन वर्षांत मेटाकुटीस येते. आमच्या घरी अशी एक मोटार सतरा वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. २०२६ हे तिच्या नोंदणीची मुदत संपण्याचे साल. ती मुदत वाढवावी की मोटार मोडीत द्यावी, या प्रश्नाचा आमच्या एकत्र कुटुंबात पुष्कळ ऊहापोह झाला. त्यातून जे निष्पन्न झाले ते इतर घरांसही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहो.

प्रथम मोटारीचे कूळ सांगितले पाहिजे. मर्सिडीज-बेन्झ या जर्मन कंपनीने १९९४ साली पुण्यास आपली भारतीय शाखा स्थापन केली, आणि १९९५ पासून पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात तिच्या ई-क्लास मोटारींची जुळणी होऊ लागली. पुढे २००९ साली कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना काढला. पिंपरीस प्रथम जो नमुना जुळविला गेला त्यास जाणकार लोक '१२४' या क्रमांकाने ओळखतात. जर्मनीत तो १९८४ सालच्या अखेरीस पहिल्याने लोकांपुढे आला. तिकडे या जातीच्या असंख्य मोटारी भाड्याने फिरत व लाखो किलोमीटर राबत. आपल्याकडे मात्र ती धनिकांच्या दारची शोभा झाली. आमची मोटार १९९६ सालची असून तिचे डिझेल इंजिन अडीच लिटरचे, पाच सिलिंडरांचे आहे. पहिली बारा वर्षे ती सुरतेस एका कापडाच्या व्यापाऱ्यांकडे होती. २००८ साली आमच्या थोरल्या बंधूंनी ती ३,४०,००० रुपयांस घेतली. नवी असताना तिला जे मोल पडले असेल, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही ही रक्कम नव्हे.

व्यारा, सोनगड, नवापूर या वाटेने ती नंदुरबारास आली. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. तेथे फलाटावर चार पावले टाकली की मनुष्याचे राज्य बदलते. मोटारीचे राज्य इतक्या सहज बदलत नाही. जुन्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर, पुन्हा तपासणी, हे सर्व सोपस्कार यथासांग झाल्यावरच तिला आमच्या जिल्ह्याचा ३९ हा आकडा मिळाला. परप्रांतातील जुनी मोटार स्वस्त दिसते, तेव्हा तिच्या किमतीत हा कर मिळवून मगच बेरीज करावी, हा पहिला धडा त्या वेळी घरातील तरुण मंडळींस मिळाला.

जुन्या मोटारीचे अर्थशास्त्र समजून घेण्यास मोठे ग्रंथ वाचण्याचे कारण नाही. आमच्या जिल्ह्यात शहादे तालुक्यात सारंगखेडे म्हणून तापीकाठी गाव आहे. तेथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि त्या यात्रेतील घोड्यांच्या बाजाराची कीर्ती दूरदूरच्या प्रांतांत पसरलेली आहे. जाणते गिऱ्हाईक तेथे घोड्याचे दात पाहून वय ठरविते, अंगावरील भोवरे पाहते, खूर उचलून पाहते आणि अखेर चालवून पाहते. अशा बाजारात उतारवयाचा जातिवंत घोडा कधी कधी आश्चर्य वाटावे इतका स्वस्त मिळतो. पण शहाणा मनुष्य त्या स्वस्ताईला भुलत नाही, कारण त्यास ठाऊक असते की वयाबरोबर घोड्याची किंमत उतरते, परंतु त्याची चंदी उतरत नाही. त्याला तोबरा लागतो तो जातिवंत घोड्याचाच. किंबहुना म्हातारपणी नालबंद व वैद्य यांची खेप वाढते ती वेगळीच.

श्रीमंती मोटारीचे तंतोतंत असेच आहे. बाजारात ती लहान नव्या मोटारीच्या किमतीस, किंवा त्याहूनही कमी किमतीस मिळते. पण तिचे ब्रेक, तिचे आघातशोषक, तिच्या इंजिनातील इंधनपंप ही सर्व सामग्री तिच्या मूळ पदवीस शोभेल अशाच दराने येते. जर्मनीत फेलबाख येथे कंपनीने १९९३ साली केवळ आपल्या जुन्या मोटारींकरिता एक केंद्र काढले. त्यामुळे दुर्मिळ भागही मिळू शकतात. मुंबईस ऑपेरा हाऊस भागातील सुट्या भागांच्या दुकानांतही बरेच काही सापडते. भाग मिळत नाही असे सहसा होत नाही. प्रश्न उरतो तो तो परवडतो की नाही एवढाच.

अशी मोटार पारखण्याची रीतही घोडा पारखण्यासारखीच आहे. इंजिन थंड असताना ते प्रथम सुरू करून पाहावे; विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक तापकांडी असते. निखाऱ्यासारखी लाल होऊन ती थंड इंजिनास पेट घेण्यास साहाय्य करते. तिच्यात किंवा इंजिनात काही उणे असले तर ते थंडीतल्या पहिल्या सुरुवातीसच उघडे पडते. मोटारीखाली वाकून गंज पाहावा. चाकाच्या रबरावर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन साल दाखवितात. नक्षी शाबूत असली तरी वय झालेले रबर विश्वासास पात्र नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वीच्या मालकाची वही मागावी. ज्याने वही ठेवली त्याने बहुधा मोटारही नीट ठेवलेली असते.

आता आमच्या मोटारीच्या काही खोडी व खुब्या सांगतो. तिच्या पुढच्या काचेवर पाणी निपटणारा हात एकच आहे. पण तो फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांब होतो व मध्यावर आखडतो, त्यामुळे एकटाच जवळजवळ सगळी काच पुसून काढतो. मोटार उभी करून ठेवण्याचा ब्रेक हाताने ओढावयाचा नसून डाव्या पायाने दाबावयाचा आहे. दारांची कुलुपे आणि इंजिन बंद करण्याची व्यवस्था ही दोन्ही हवेच्या शोषणावर चालतात. त्या बारीक नळ्यांपैकी एखादी वयपरत्वे चिरली म्हणजे किल्ली काढून घेतली तरी इंजिन आपले चालूच राहते! एकदा एका मंगल कार्यालयाच्या दारी असे झाले. वऱ्हाडी मंडळी भोवती जमली आणि आमचे थोरले बंधू यंत्रपेटीचे झाकण उघडून आतील थांबविण्याचा दांडा शोधू लागले. आठ आण्यांच्या नळीने सोळा आण्यांची फजिती केली, असे आमच्या मातोश्री म्हणत.

या यंत्राची निगा राखणारे आमचे मिस्त्री वयोवृद्ध आहेत. त्यांचा हात बसला तो ॲम्बॅसडर आणि कुर्ल्यास बनणाऱ्या पद्मिनी या मोटारींवर. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनाचे झाकण उघडले, पाच मिनिटे काही न बोलता ऐकत राहिले, आणि मग आमच्या बंधूंस म्हणाले, "नाना, ही गाडी नही, जातवान घोडी शे." त्यांनी तिचे पुस्तक मागवून घेतले, नातवाकडून वाचून घेतले, आणि ज्या ठिकाणी आपले ज्ञान पुरणार नाही तेथे हात न घालता मोटार मोठ्या शहरी धाडण्यास सांगितले. कारागिराने 'हे मला येत नाही' असे वेळेवर सांगणे हा जुन्या मोटारीच्या मालकाला मिळणारा मोठाच लाभ होय. एका शहरातील कार्यशाळेत याच्या उलट अनुभव आम्हांस आला. दुखणे एक आणि बदललेले भाग तीन, असा तो प्रकार होता. तेव्हापासून बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घेण्याचा प्रघात आम्ही ठेविला आहे.

आमच्या जिल्ह्याचे हवामान मोटारीस फारसे मानवणारे नाही. वैशाखात येथे पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या उन्हाने रबराच्या नळ्या व गाद्या कडक होऊन तडकतात. हिवाळ्यात गावाबाहेर लाल मिरच्यांच्या विस्तीर्ण पथाऱ्या पसरलेल्या असतात. नंदुरबारची मिरची जितकी नामांकित तितकाच तिचा खकाणा तीव्र. तो हवेच्या गाळणीत जाऊन बसतो, म्हणून ती गाळणी आम्ही पुस्तकातील मुदतीच्या निम्म्या काळातच बदलतो. पावसाळ्यात उंदीर यंत्रपेटीत बिऱ्हाड करतात व तारा कुरतडतात. म्हणून मोटार फार दिवस उभी ठेवावयाची नाही, आठवड्यातून दोनदा तरी इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावयाची, ब्रेकचे तेल पाणी शोषून घेते म्हणून दर दोन वर्षांनी बदलावयाचे, इंजिनचे तेल मुदतीपूर्वीच बदलावयाचे, असे काही नियम घरात ठरून गेले आहेत. एकादशी-चतुर्थीप्रमाणे तेही पंचांगाच्या कोपऱ्यात लिहिलेले असतात.

या निगेचे फळ मिळाले नाही असे नाही. मातोश्रींच्या औषधोपचारासाठी सुरतेच्या असंख्य फेऱ्या याच मोटारीने झाल्या, आणि त्या अखेरच्या आजारातही पाठ टेकून स्वस्थपणे जाऊ शकल्या. प्रकाशे येथे तापी-गोमाईच्या संगमावर घरातील तीन पिढ्या एकत्र गेल्या त्या हिच्यातून. तोरणमाळचा सातपायरीचा घाट ती आजही धापा न टाकता चढते. आमच्या धाकट्या पुतण्यास मोटार चालविण्याचे शिक्षण हिच्यावरच मिळाले. हळू हाकण्यातही प्रतिष्ठा असते, ही शिकवण त्यास नव्या मोटारीकडून मिळाली असती असे आम्हांस वाटत नाही.

परंतु प्रेमाने लिहिलेली हकीकत आणि हिशेबाने लिहिलेली हकीकत या दोहोंत अंतर असते. आमच्या घरचा जमाखर्च थोरल्या वहिनींच्या हाती आहे. नोंदणीचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी अठरा वर्षांच्या वह्या काढल्या आणि एका दुपारी बसून बेरीज केली. २००८ ते २०२५ या काळात डिझेल वगळून दुरुस्ती, चाके, विमा व कर मिळून ११,६२,००० रुपये खर्च झाले होते. म्हणजे खरेदीच्या तिपटीहून अधिक. दरसालची सरासरी काढली तर ती साडेचौसष्ट हजारांच्या आसपास येते. पण वहिनींचे म्हणणे असे की येथे सरासरी हीच फसवी गोष्ट आहे. २०१३, २०१८ आणि २०२२ या तीनच सालांत मिळून ६,१०,००० रुपये गेले. उरलेल्या पंधरा वर्षांची सरासरी ३६,८०० च पडते. जुनी मोटार दरमहा थोडे थोडे मागत नाही. ती चार-पाच वर्षे गप्प बसते, आणि मग एकदम घराच्या उंबरठ्यावर धरणे धरते.

आणि ते धरणे कोणत्या वर्षी बसेल हे आपल्या हाती नसते. २०१८ च्या जूनमध्ये इंधनपंपाचे मोठे काम निघाले. त्याच महिन्यात धाकट्या बंधूंची मुलगी शिक्षणासाठी पुण्यास निघाली होती. वहिनींनी वहीतील एकाच पानावरच्या दोन नोंदी सर्वांपुढे वाचून दाखविल्या: एका ओळीत पंपाची रक्कम, आणि दुसऱ्या ओळीत वसतिगृहाच्या शुल्काऐवजी 'मावशीकडे राहणार' असा शेरा. मुलीने त्या वेळी अवाक्षर काढले नव्हते. रोज दीड तास जाण्याचा व दीड तास येण्याचा प्रवास तिने तीन वर्षे केला. वहिनी रागाने काही बोलल्या नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "मोटारीवर माया आपली चौघांची; पण तिची चंदी कोणाच्या ताटातून गेली?"

या प्रश्नास उत्तर देणे सोपे नव्हते. एकत्र कुटुंबात सामाईक पैशाने पोसलेली आवड ही नेहमी आवड असणाऱ्यालाच गोड लागते. ज्याला ती नसते त्याचा वाटा न विचारताच खर्च होतो, आणि तो बहुधा घरात सर्वांत कमी बोलणाऱ्याचा असतो. जी गोष्ट मोटारीची तीच मोठ्या व्रतबंधाच्या थाटाची, तीच घराण्याच्या नावासाठी राखलेल्या पडक्या वाड्याची.

त्याच बैठकीत पुण्याहून आलेल्या त्या पुतणीने दुसरा मुद्दा काढला. ती म्हणाली, "काका, घरातला हिशेब झाला, गावाचा कोण करणार?" तिचा रोख धुराकडे होता. भारतात मोटारींच्या धुरासाठी युरोपीय धर्तीची मानके २००० सालापासून आली व सहाव्या पायरीची मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. आमची मोटार या सर्वांच्या आधीची. धुराच्या तपासणीत ती दर वेळी उत्तीर्ण होते हे खरे. पण ती उत्तीर्ण होते ती तिच्या काळच्या कसोटीला. जुनी वस्तू टाकून नवी बनविण्यातही लोखंड व वीज खर्ची पडते, हे तिचे चुलते म्हणाले तेही खोटे नव्हे. तथापि बाजाराच्या गर्दीत रोज जुने डिझेल जाळण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

कायद्याची बाजूही येथे सांगितली पाहिजे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. महाराष्ट्रात २०१० पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारींवर पर्यावरण कर आहे. मुदतवाढीचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. २०२१ सालच्या धोरणानुसार मान्यताप्राप्त केंद्रात मोटार मोडीत दिल्यास प्रमाणपत्र मिळते व नवी घेताना करात सवलत मिळते. उलट, पन्नास वर्षे उलटलेल्या मोटारीस त्याच साली झालेल्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून मान दिला आहे. पण अशी मोटार रोजच्या वापरास काढता येत नाही. आमची मोटार तिशीतली. तिला तारुण्याची सवलत नाही आणि वार्धक्याचा मानही नाही. प्रपंचातील मधल्या पिढीसारखीच तिची अवस्था आहे!

अखेर जे ठरले ते असे. मोटार ठेवावयाची, पण सामाईक तिजोरीतून तिला यापुढे एक पैसाही द्यावयाचा नाही. थोरले बंधू, आम्ही व धाकटा पुतण्या, ज्यांस तिची माया आहे त्या तिघांनी दरसाल ठराविक रक्कम निराळ्या खात्यात टाकावी, आणि मुदतवाढीचे शुल्क व करही त्यातूनच भरावा. घरच्या कामासाठी मोटार गेली तर भाड्याच्या मोटारीला जे पडले असते तेवढेच घराने त्या खात्यास द्यावे. गावातील रोजची कामे लहान मोटारीने करावी. हिने आठवड्यातून दोनदा, तेही गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याने जावे. एखादी दुरुस्ती खात्यातील शिलकेहून मोठी निघाली तर शिल्लक होईपर्यंत मोटार थांबेल. मुलांचे शिक्षण थांबणार नाही. आणि ज्या दिवशी धुराच्या कसोटीला ती उतरणार नाही व मिस्त्री हात टेकतील, त्या दिवशी वाद न घालता तिला मोडणी केंद्रात पोचवावयाचे. या खात्याची वही वहिनींनी आपण होऊन पुतणीच्या हाती दिली.

ही व्यवस्था झाल्यावर घरातील एक गोष्ट बदलली, ती नमूद करण्यासारखी आहे. पूर्वी मोटारीच्या दुरुस्तीची वार्ता थोरले बंधू जेवणाच्या वेळी इतर गोष्टींच्या आडून हळूच सांगत. आता ते मोकळेपणी सांगतात, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्याही घासावर त्याचा भार पडत नाही. माया पूर्वीइतकीच आहे. तिच्यातील चोरटेपणा तेवढा गेला.

ज्यांच्या मनात जुनी श्रीमंती मोटार घेण्याचे आले असेल त्यांस आमचे सांगणे एवढेच: खरेदीची रक्कम हाती असताना तेवढीच आणखी एक रक्कम बाजूस काढता येत असेल तरच पुढे जावे. 'ऐकत राहणारा' एक मिस्त्री शोधावा. वही ठेवावी, आणि ती घरात ज्याला मोटारीचे वेड नाही अशाच्या हाती द्यावी. घोडा जातिवंत असला म्हणजे तो पुष्कळ वर्षे साथ देतो यात शंका नाही. त्याची चंदी मात्र ज्याने लगाम धरला त्यानेच भरावी.